वीणा दुसऱ्याच्या गळ्यात

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!

या मायबाप, पुढं सरकून बसा. मागच्या माऊलींना जागा होऊ द्या.

आजचा विषय आपल्या घरातलाच आहे. शिक्षण झालं, नोकरी लागली, बढती मिळाली, बंगला झाला. तरी रात्री झोपेला गोळी लागते. सगळं मिळालं, मग राहिलं काय?

काही शहाणे म्हणतात, तुकोबारायांचं दुकान बुडालं म्हणून ते देवाकडे वळले. अहो, नीट विचार करा. देहूचं मोरे घराणं. वाणीपणाचा व्यापार, सावकारी, महाजनकी, सगळं घरात. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, लेकरू गेलं, दिवाळं निघालं. इथपर्यंत लोकांचं बरोबर आहे. पण पुढं काय झालं? घरात लोकांची कर्जखतं शिल्लक होती. चरित्र सांगतं, महाराजांनी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली. ज्याचं बुडालं तो माणूस उरलेलं घट्ट धरतो की नाही? महाराजांनी ते सोडलं! कारण त्या कागदावर ज्यांची नावं होती, तीही दुष्काळात मोडलेलीच माणसं होती. महाराज एकटे मोकळे झाले नाहीत, कुळांनाही मोकळं केलं. आनंद तिथून सुरू झाला. विठ्ठल विठ्ठल!

आता एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एका गावात सप्ताहाला होतो. तिथं एक साहेब यायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. नाव सांगत नाही. तीस वर्षं दारात गाडी, टेबलावर दोन फोन. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत एकही फोन वाजला नाही. साहेबांनी उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना! फोन चालू होता. मंडपात अगदी मागं, खांबाला टेकून बसायचे. चेहऱ्यावर कळा नाही.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्रंदिवस पहारा. एका रात्री दोन वाजता पहारा बदलायचा, तर पुढचा माणूस आलाच नाही. वीणेकरी म्हातारे, सत्तरीच्या पुढचे, पाय थरथरायला लागले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मंडपात जागे एकटे साहेबच. बाबांनी हाक मारली, "अहो, या इकडं. वीणा घ्या."

साहेब म्हणाले, "मला येत नाही हो."

बाबा म्हणाले, "उभं राहता येतं ना? नाव घेता येतं ना? बास!"

वीणा गळ्यात घातली आणि म्हातारा साहेबांच्या पाया पडला. साहेब वाकले, तेही त्यांच्या पाया पडले. पहाटे चारपर्यंत उभे होते. सकाळी माझ्याकडं आले, डोळे भरलेले. म्हणाले, "महाराज, तीस वर्षं लोक पाया पडले ते सहीसाठी. काल पहिल्यांदा कुणीतरी कामाशिवाय पडलं."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या नाही पडले. वीणेच्या पडले."

ते हसले. म्हणाले, "ते कळलं, म्हणून तर हलकं वाटतंय."

माऊली, हुद्दा म्हणजे वीणाच आहे. गळ्यात आहे तोवर ताठ उभं राहायचं, कुचराई करायची नाही. नोकरी सोडा, असं संत सांगत नाहीत. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, तेरच्या गोरोबाकाकांनी चाक सोडलं नाही. पण पहारा संपला की नमस्कार करून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. माझीच वीणा म्हणून धरून बसलो, तर पुढच्याचा पहारा बुडतो आणि आपले पाय थरथरतात.

आणि हे मी तुम्हालाच सांगतो असं नाही. माझ्या डायरीत तारखा भरल्या, मंडप भरला, की मलाही फुगल्यासारखं होतं. मग मी त्या बाबांचे पाय आठवतो. बाबा गेले, पण त्या गावात रात्री दोनचा पहारा आजही साहेबांकडं आहे.

वीणा माणसं बदलते, नाम थांबत नाही. म्हणा मायबाप, ज्ञानोबा माऊली तुकाराम!