आणखी काय असू शकेल?
(मिशन रुग्णालयातील उच्च परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पाड्यांवरच्या आजाऱ्यांना दवाखान्यापर्यंत आणणे हे माझे काम. औषधशास्त्र तुम्हाला तुमचे शिक्षक शिकवतील. रुग्ण दारात येण्याआधी त्याच्या घरी काय घडलेले असते, तेवढे मी सांगू शकतो. आणि निदान पुष्कळदा तिथेच दडलेले असते.

२०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून अनेक ठिकाणी नर्सच बसते. डॉक्टर दूर असतो, पावसाळ्यात रस्ता बंद असतो. पहिला विचार तुम्हालाच करायचा आहे.

समजा, ऑगस्टमधल्या एका पहाटे तरुण मुलाला आणले. पोटात कळा, दोन उलट्या, घसा दुखतो म्हणतो. ताप नाही, कुठे सूज नाही. मनात लगेच येते : अपचन. पण तुम्ही विचारा, "भाऊ, रात्री कुठे झोपला होतास?" तो सांगेल, जमिनीवर. मग त्याच्या पापण्या पाहा. त्या जड होऊन खाली येत असतील, थुंकी गिळता येत नसेल, तर मण्यार चावली असण्याची दाट शक्यता आहे. मण्यार रात्री झोपेत चावते. दुखत फारसे नाही, खूणही बहुधा दिसत नाही. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ती चाचणी घोणस आणि फुरसे यांच्या विषासाठी उपयोगी. मण्यारीचे विष नसांवर जाते आणि श्वास बंद पाडते. अपचनाची गोळी देऊन घरी पाठवलेला हा मुलगा संध्याकाळपर्यंत जगेलच असे नाही. सर्पविषावरची लस आणि श्वासाला आधार वेळेत मिळाला, तर तो चालत घरी जातो.

दुसरे उदाहरण. आठ महिन्यांचे बाळ, ताप, मलेरियाची चाचणी पॉझिटिव्ह. निदान झाले, असे वाटते. तरी बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास हे जलद श्वास समजतात. बाळाला मलेरियाबरोबर न्यूमोनियाही असू शकतो. एक आजार सापडला म्हणून दुसरा नाही, असे होत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायांनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मग तुम्हाला ते का जमू नये?

तिसरे, सिकलसेल. वर्षाच्या आतबाहेरचे मूल, हातापायांचे पंजे सुजलेले, सारखे रडते. आई म्हणते, पडले असेल. थांबा. डोळे पिवळे आहेत का? अंगात रक्त कमी आहे का? भावंडांना असेच दुखते का? प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी मूल आजारी आहे की केवळ वाहक, हे पुढच्या तपासणीनेच कळते. ते कळण्याआधी आईबापांना घाबरवू नका. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. पण तपासणीची आठवण कुणाला तरी व्हावी लागते.

या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : आणखी काय असू शकेल? आणि त्यातले सर्वांत घातक काय, ते आधी तपासा.

आमची माणसे भिली, कोरकू, गोंडी बोलतात. मराठीत विचारले तर मान डोलावतात. ती मान 'हो' म्हणत नसते. बरोबर आलेल्या आजीला विचारा. आधी भगताकडे गेले असतील तर रागावू नका. रागावलात तर पुढचे काही सांगणार नाहीत. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशूने त्याला काय हवे ते आधी विचारले आणि त्याचे ऐकून घेतले.

आणि शंका उरली तर वरिष्ठांना फोन करा, रुग्णाला पुढे पाठवा. चिठ्ठीवर काय पाहिले, काय दिले, किती वाजता दिले, हे लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रभू तुमच्या हातांना यश देवो.