यंत्राचा गुडघा

कवी माणूस यंत्रावर बोलणार म्हणजे थोडं नवलच. पण गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी पंधरा-वीस दिवस रेवदंड्याला भाच्याच्या वर्कशॉपमध्ये रोज जाऊन बसत होतो. घरी काही सुचत नव्हतं हे एक कारण, आणि तिथला चहा हे दुसरं.

वर्कशॉप लहानच. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं जुनं मिलिंग मशीन. काम बहुतेक होड्यांचं. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि सगळ्यांची दुरुस्ती एकदमच दारात येऊन पडते. पंखा शाफ्टवर फिरू नये म्हणून शाफ्टमध्ये एक लांबट खाच पाडतात, तिला की-वे म्हणतात. शाफ्ट टेबलावर बांधायचा आणि टेबल वर उचलून फिरत्या कटरला भिडवायचं.

हे टेबल ज्या बिडाच्या अवजड भागावर बसतं, त्याचं नावच मुळी ‘नी’, म्हणजे गुडघा. १८६२ साली अमेरिकेत जोसेफ ब्राउनने केलेल्या मशीनमध्येही टेबल असंच गुडघ्यावर होतं. आमच्या मशीनवर हँडलच्या एका फेऱ्यात हा गुडघा अडीच मिलिमीटर उचलला जातो. एक वीत चढवायचं म्हटलं तर ऐंशी-नव्वद फेरे. लांब ड्रिल काढून आखूड कटर लावलं की टेबल वर, पुन्हा ड्रिल लावलं की खाली. आमच्या मिस्त्रींनी हे तीस वर्षं केलं. आता नमाजाला उभं राहिल्यावर त्यांचा उजवा हात कानापर्यंत जात नव्हता.

भाचा म्हणाला, “चाचा, गुडघ्याला मोटर लावू या.”

मिस्त्री गप्प. थोड्या वेळाने मला म्हणाले, “भाई, आज मोटर लावेल, उद्या बटण दाबायला पोरगा ठेवेल. मग माझं काय काम?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो मोटर किती ताकदीची हवी या विचारात होता. त्यासाठी त्याने बाजारातून मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला, हँडलच्या टोकाला अडकवला आणि ओढला. हँडल वीस सेंटिमीटर लांब, काट्यावर नऊ किलो. या हिशोबाने पाव हॉर्सपॉवरही पुरली असती, पण सुरुवातीच्या झटक्यासाठी त्याने अर्ध्याची घेतली. मोटरला मिनिटाला साठ फेरे देणारा गिअरबॉक्स, तिथून हँडलच्या दांड्यावर साखळी, आणि वर-खाली अशी दोन बटणं. टेबल कटरवर जाऊन आदळू नये म्हणून वरच्या टोकाला मोटर आपोआप बंद करणारा स्विच, तसाच एक खाली.

पहिल्या दिवशी हँडल दांड्यावरच राहिलं होतं. बटण दाबताच ते गरकन फिरलं आणि भाच्याच्या मनगटावर बसलं. हाड वाचलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी, कुणी न सांगता, हँडलच्या आत स्प्रिंग बसवली. दाबून धरलं तरच आता हँडल दांडा पकडतं, सोडलं की सुटतं. त्यांचीच दुसरी मागणी होती, मोटर वेगळी करता आली पाहिजे. त्या गिअरबॉक्सची रचना अशी, की मोटर त्याला फिरवते, पण हाताने उलटं फिरवायला गेलं तर हलत नाही. मग खटका बसवला.

मागणीचं कारण मला कामाच्या वेळी कळलं. मोटरने शाफ्ट कटरच्या जरा खाली आणून थांबवला. मिस्त्रींनी खटका ओढला, वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, तेलाचं बोट लावून शाफ्टवर ठेवली. मशीन बंद. एका हाताने कटर हळूहळू फिरवत, दुसऱ्याने हँडल केसभर केसभर वर. कटरच्या दाताने पट्टी ओढली, तिथे थांबले. कागदाची जाडी धरून डायल शून्यावर आणली, कागद काढला, आणि खाचेची खोली तिथून मोजली. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये कागदी पट्टीवर छिद्रं पाडून, त्या छिद्रांतल्या आकड्यांवर मिलिंग मशीनच्या तिन्ही चाली चालवून दाखवल्या होत्या. रेवदंड्यात अजून ही पट्टी चालते.

मला ते बघत बसायला आवडलं. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष भाच्याकडे होतं. त्याला हे कागदाचं काम येत नव्हतं. त्याने दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा पट्टी चिरली गेली.

“चाचा, तुम्हीच करा,” तो म्हणाला.

“करतो. पण आधी तू शीक,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी पेपरचं आणखी एक पान उचललं. त्यात माझी कविता छापलेली होती. मी काही बोललो नाही.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. मिस्त्रींचा हात कानाच्या पाळीच्या थोडा खाली पोहोचतो, अजून पूर्ण नाही. हँडल ते संध्याकाळी पुसून स्वतःच्या शर्टाशेजारच्या खिळ्याला टांगतात.