उत्तरावरून मूळ संख्येकडे



नियम सांगून उत्तर काढविण्याचा सराव शाळांतून भरपूर होतो. उत्तर देऊन मूळ संख्या शोधविण्याचा मात्र फार थोडा. व्यवहारात अडते ते बहुधा या दुसऱ्याच ठिकाणी.

अकोल्याचा पारा हिवाळ्यातील पहाटे १० अंशांपर्यंत उतरतो व वैशाखात ४५ पर्यंत चढतो, हे मुलांना अंगानेच ठाऊक असते. हे अंश सेल्सिअसचे. त्यांस ९ ने गुणून, ५ ने भागून ३२ मिळविले की फॅरनहाइट अंश येतात. म्हणजे ५० पासून ११३ पर्यंत. नियमात घातलेल्या संख्यांचा समूह तो प्रांत, निघालेल्या संख्यांचा समूह ती व्याप्ती. आता व्याप्ती देऊन प्रांत विचारावा. पुष्कळ मुले ११३ ला प्रथम ५ ने गुणून ९ ने भागतात आणि मग ३२ वजा करतात. उत्तर येते सुमारे ३१. अकोल्याचा वैशाख एकाएकी थंडगार! शेवटी मिळविलेले ३२ आधी काढावयास हवेत. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त व्यस्तविधी म्हणून हीच रीत दिली आहे: शेवटाकडून आरंभाकडे यावे, गुणाकाराच्या जागी भागाकार व बेरजेच्या जागी वजाबाकी करावी.

याहून बोधप्रद उदाहरण घरच्या कणगीचे. कणगीत १२० किलो ज्वारी आहे, रोज ३ किलो लागते. शिल्लक ९० पासून ३० किलोपर्यंत कोणत्या दिवसांत राहील? ९० शिल्लक राहतात १० दिवसांनी, ३० राहतात ३० दिवसांनी. येथे टोकांची अदलाबदल होते: मोठ्या शिल्लकेला लहान दिवस. शिल्लक घटत जाते म्हणून असे होते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. शिल्लक १०० केव्हा, असे विचारल्यास ६ पूर्णांक २ तृतीयांश येतात. परंतु ज्वारी दिवसातून एकदाच काढली जाते, तेव्हा या व्याप्तीत १०० नाहीच. पाऱ्याचे तसे नाही. तो मधल्या प्रत्येक अंशावरून जातो. हा भेद फळ्यावर लिहिण्यापेक्षा ज्वारी मोजून दाखविलेला बरा.

आता खरा प्रश्न. पेरणीसाठी १५ किलो बियाणे राखावयाचे आहे, तर ज्वारी किती दिवस पुरेल? १२० ला ३ ने भागून ४० म्हणणारा मुलगा बियाणेही खाऊन टाकतो. शिल्लक १५ च्या खाली जाऊ द्यावयाची नाही, हे व्याप्तीचे बंधन. त्यावरून दिवस येतात ३५. मृगाला ४२ दिवस उरले असतील तर पुढे काय, हे सांगू नये, विचारावे. कोणी म्हणेल, रोजचा खर्च अडीच किलोवर आणू. कोणी म्हणेल, शेजाऱ्याकडून उसने आणू. दोन्हींचे गणित मुलांकडून करवून घ्यावे.