कॉमेंटेटरच्या अंगात आलं, आणि त्याचं गाणं झालं

हेडफोन लावलेत ना? आज अशा एका गाण्याबद्दल बोलायचंय, ज्यातला गायक गातच नव्हता. तो ओरडत होता. आणि दुसऱ्या दिवशी त्या ओरडण्याबद्दल त्याला माफी मागावी लागली.

तारीख २६ जून २००६. जर्मनीतला फुटबॉल वर्ल्ड कप. कायझर्सलाउटर्नला इटली विरुद्ध ऑस्ट्रेलिया, बाद फेरी, म्हणजे हरला तो घरी. इटलीच्या मातेराझीला रेड कार्ड मिळालेलं, दहाच जण मैदानात. स्कोअर ०-०. इंज्युरी टाइम चालू. इटलीचा लेफ्ट बॅक फाबियो ग्रोसो बॉल घेऊन बॉक्समध्ये घुसतो, ऑस्ट्रेलियाचा लुकास नील समोर आडवा पडतो, ग्रोसो त्याच्यावरून कोसळतो. पेनल्टी! (माझं मत विचाराल तर ग्रोसो जरा हौसेनेच पडला.) टोट्टी गोल मारतो. मॅच खल्लास.

चीनमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सीसीटीव्ही या सरकारी चॅनेलवर कॉमेंट्री करत होता ह्वांग जिएनशियांग. पेनल्टी मिळाली आणि हा सुटलाच. इटलीचा महान लेफ्ट बॅक! फाक्केट्टी, काब्रिनी, माल्दिनी, या सगळ्यांचे आत्मे ग्रोसोमध्ये शिरलेत! आपल्याकडे म्हणतात ना 'अंगात आलंय', अगदी तेच. गंमत बघा, हे तिघंही तेव्हा चांगले जिवंत होते. माल्दिनीचा तर त्या दिवशी वाढदिवस होता, त्यालाही शुभेच्छा देऊन झाल्या. मग 'इटली चिरायु होवो'. मग ऑस्ट्रेलियाला टोमणा: आता घरी जा, फार लांब जायला नको, तुमच्यातले बरेच जण युरोपातच राहतात.

२००६ म्हणजे रिंगटोनचा जमाना. आज आपण रील बनवतो, तेव्हा लोक रिंगटोन डाउनलोड करायचे. ह्वांगचा आवाज कापून त्याच्या रिंगटोन्स निघाल्या, खाली बीट टाकून रिमिक्स झाले. त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे 'तो एकटा लढत नाहीये'. चिनी भाषेत हे वाक्य मध्येच तोडलं की अर्थ निघतो 'तो माणूसच नाहीये'. आणि ह्वांगने ते खरंच अर्ध्यावर तोडून पुन्हा म्हटलं होतं! हूक लाइन आयती मिळाली.

पण ओरडण्याचं गाणं होतंच कसं? डायना डॉइच नावाच्या संशोधक आहेत, आवाज आपल्याला कसे ऐकू येतात यावर काम करणाऱ्या. १९९५ मध्ये स्वतःचंच रेकॉर्डिंग एडिट करताना एक साधं वाक्य त्यांच्याकडे लूपवर राहिलं. काही वेळाने ते बोलणं राहिलं नाही, त्यांना चक्क गाणं ऐकू यायला लागलं. रेकॉर्डिंगमध्ये काडीचा बदल नव्हता. म्हणजे बोलण्यातही सूर असतोच, फक्त अर्थ समजून घेण्याच्या घाईत आपण तो ऐकत नाही. तेच वाक्य परत परत आलं की अर्थ मागे पडतो आणि सूर वर येतो. आणि कॉमेंटेटर उत्तेजित झाला की आवाज आधीच वर चढलेला, शब्द ठेक्यात, नावं दोन-दोनदा. अर्धं काम त्यानेच करून ठेवलेलं असतं. आपला यशराज मुखाते आठवतोय ना? २०२० मध्ये त्याने 'साथ निभाना साथिया'मधल्या कोकिलाबेनच्या डायलॉगचं गाणं केलं. तीही रागावलेलीच होती, गात नव्हती.

आता मला खटकणारी गोष्ट. लूपमध्ये अर्थ मागे पडतो म्हटलं ना, इथे त्या अर्थाचीच किंमत ह्वांगला मोजावी लागली. सरकारी चॅनेलवर बसून त्याने एक बाजू घेतली, वर हरलेल्यांना हिणवलं. त्यात ऑस्ट्रेलिया त्याच वर्षी जानेवारीत आशियाई फुटबॉल संघटनेत आला होता, म्हणजे पुढे चीनला त्याच्याशीच झुंजायचं होतं. दुसऱ्या दिवशी ह्वांगने माफी मागितली. नोव्हेंबरमध्ये त्याने सीसीटीव्ही सोडलं.

मला विचाराल तर टोमण्याबद्दल माफी योग्यच होती. हरलेल्या टीमला घरचा रस्ता दाखवणं हे कॉमेंटेटरचं काम नाही. पण ओरडण्याबद्दल? मध्यरात्री झोप मोडून मॅच बघणाऱ्याला आणखी काय हवं असतं? आणि तमाशा बघा, ज्या ३-४ मिनिटांसाठी तो खाली मान घालून उभा होता, तीच मिनिटं लोकांच्या खिशात वाजत होती. त्याच्या माफीचा रिमिक्स मी तरी कुठे ऐकलेला नाही.

ग्रोसोचं म्हणाल, तर त्याने पुढे सेमी फायनलमध्ये जर्मनीला गोल मारला, आणि ९ जुलैला फ्रान्सविरुद्धच्या फायनलमध्ये शूटआउटची शेवटची पेनल्टीही त्यानेच मारली. इटली चॅम्पियन. म्हणजे ह्वांगने माणूस बरोबर ओळखला होता, हे मान्य करायलाच पाहिजे.

क्लिप शोधणार असाल तर आधी बीट नसलेली शोधा. चिनी येत नसेल तरी चालेल. 'ग्रोसो' आणि 'माल्दिनी' ही नावं कळतील, आणि आवाज नेमका कुठे फाटतो तेही कळेल. रिमिक्स नंतर ऐका. चला, भेटू पुढच्या भागात!