एक सामना हरला, पुढे काय?

मागच्या वेळी मी गटाचं दफ्तर कसं लिहायचं यावर बोलले होते. आज फुटबॉलवर बोलणार आहे. रेडिओ बंद करू नका, भाकरी थापता थापता ऐका.

गेल्या डिसेंबरात, १४ तारखेला, अर्जेंटिनाचा मेस्सी मुंबईला वानखेडेवर आला होता. तुम्ही टीव्हीवर पाहिलं नसेल, तरी घरातल्या पोरांची आरडाओरड नक्की ऐकली असेल. माझा भाचा तर त्याच्यापायी वेडा आहे. मी त्याला विचारलं, "हा माणूस आता खेळतो तरी कुठे?" तर म्हणाला, "मावशी, अमेरिकेत, मायामीच्या क्लबात." आणि मग त्याने मला लीग्ज कप नावाच्या स्पर्धेची सगळी कथा सांगितली. ती ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावची एक मुलगी येत राहिली. तिच्याविषयी पुढे सांगते.

अमेरिका आणि मेक्सिको हे शेजारी देश. आपल्या रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, तिकडे आपल्या लेकी दिलेल्या, तसंच तिथेही सीमेच्या दोन्ही बाजूंना नातीगोती आहेत. दोन्हीकडे क्लबांच्या आपापल्या साखळी स्पर्धा चालतात. साखळी म्हणजे प्रत्येकाने पुष्कळ सामने खेळायचे, गुण जमवत जायचे. आज हरलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात. अमेरिकेच्या साखळीत कॅनडाचेही तीन क्लब आहेत, पण तो फाटा आपण सोडून देऊ.

या दोन साखळ्यांतल्या क्लबांनी एकमेकांशी खेळावं म्हणून २०१९ मध्ये लीग्ज कप सुरू झाला. इकडचे चार, तिकडचे चार, आणि सरळ बाद पद्धत. हरला तो घरी. आठ संघांचे मिळून सात सामने. हिशेब करून पाहा, त्यातले चार संघ एकेकच सामना खेळून परत गेले. मेक्सिकोच्या क्रुझ अझुलने तो पहिला कप नेला.

२०२३ ला दोन्ही साखळ्या महिनाभर थांबवून सगळे ४७ क्लब उतरवले. आधी छोटे गट, मग बाद फेरी. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. सामने सगळे अमेरिका-कॅनडातच, त्यामुळे मेक्सिकोच्या क्लबांनी कुरकुर केली. बरोबरच आहे, दरवेळी आपणच का गाडीभाडं करायचं!

मेस्सी तेव्हा नुकताच मायामीला आलेला. हा क्लब आपल्या साखळीत अगदी तळाला होता, पण कपात जिंकत गेला. १९ ऑगस्टला नॅशव्हिलशी अंतिम सामना १-१ असा सुटला. पेनल्टी सुरू झाल्या त्या संपेचनात. शेवटी दोन्हीकडच्या गोलकीपरांवर पाळी आली. मायामीच्या गोलकीपरने स्वतः गोल मारला आणि समोरच्या गोलकीपरचा फटका अडवला. १०-९. कप मायामीचा.

आता पुढचं ऐका. एवढा कप जिंकून हा संघ आपल्या साखळीत परत गेला आणि तिथे त्या वर्षी शेवटच्या टप्प्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. आणि २०२५ ला उलट झालं. ३१ ऑगस्टला लीग्ज कपाच्या अंतिम सामन्यात मेस्सीचा संघ सिअ‍ॅटलकडून ३-० ने हरला. पण त्यांची साखळी चालूच होती. पुन्हा सराव, पुन्हा सामने, आणि ६ डिसेंबरला त्याच संघाने आपल्या साखळीचं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर आठ दिवसांनी मेस्सी मुंबईत. बाद पद्धत या क्लबांना परवडते, कारण हरल्यावर परत जायला त्यांच्याकडे साखळी असते.

बायकांच्या क्लबांचीही २०२४ मध्ये अशी स्पर्धा झाली, अमेरिकेचे १४ आणि मेक्सिकोचे ६ क्लब. कॅन्सस सिटीच्या मुली जिंकल्या. मेक्सिकोत बायकांची साखळी सुरू झाली ती २०१७ ला, म्हणजे अगदी अलीकडे.

आता आमच्या गावची मुलगी. नववीत आहे. आई आमच्याच गटात, केळीच्या बागेत कामाला जाते. मुलगी शाळेच्या संघातून तालुक्याला खेळायला गेली होती. वर्षभर सराव केला, आईने गटातून उचल घेऊन बूट आणले. पहिल्याच सामन्यात पोरी हरल्या. किती, माहीत आहे? ३-०. मेस्सीइतक्याच! तालुक्याला बाद पद्धत, त्यामुळे वर्षाचा खेळ एका दुपारी संपला. घरी आल्यावर वडील म्हणाले, "झाली हौस? ठेव आता बूट माळ्यावर." आणि गेल्या महिन्यात तिच्या आईने मला हळूच सांगितलं, की घरात स्थळांची बोलणी सुरू झाली आहेत. नववीतली पोर, मैत्रिणींनो. कायद्याने १८ च्या आत लग्न होत नाही, हे त्या माउलीलाही ठाऊक आहे. वडिलांना मी भेटले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, खेळून पाहिलं ना तिने? नाही जमलं."

हे "नाही जमलं" मी ऐकलेलं आहे. २००५ ला दहावीत मी गणितात नापास झाले. शिवणयंत्र घेऊन द्यायचं ठरत होतं. आईने ऑक्टोबरचा फॉर्म भरला. पोरं हसायची, ऑक्टोबरची वारी म्हणायची. त्या वारीमुळेच पुढे बी.ए. झाले आणि आज तुमच्याशी बोलते आहे.

देशाच्या मुलींचंच बघा. २०२२ च्या जानेवारीत महिलांचा आशिया कप आपल्या महाराष्ट्रात झाला. नवी मुंबईत इराणशी बरोबरी झाली, आणि २३ तारखेला चिनी तैपेईशी खेळायचं तर संघात इतका कोरोना पसरला की लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. संघाने माघार घेतली असं धरलं गेलं. हरल्या नाहीत, तरी बाद. आपल्याच घरात. त्यावर कुणी त्यांचे बूट माळ्यावर टाकले नाहीत. जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून त्या पुढच्या आशिया कपासाठी पात्र ठरल्या.

आता सरकारने महादेवा म्हणून योजना काढली आहे, तिच्यात राज्यभरातून १३ वर्षांखालच्या ३० मुली आणि ३० मुलगे निवडले. चांगलंच आहे. पण तीस मुली म्हणजे एका जिल्ह्याला एकही येत नाही. बाकीच्यांचं काय?

म्हणून मी एक गोष्ट मांडली आहे. आमचं गाव, निंभोरा, ऐनपूर आणि खिरोदा, अशा चार गावांतल्या मुलींची साखळी लावायची. प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं. चार संघांचे सहा सामने होतात, प्रत्येक संघाला तीन. बाद पद्धतीत तीनच सामने होतील आणि दोन संघ एका सामन्यात घरी. गटातही आपण हेच करतो ना? एखादीचा हप्ता चुकला तर दंड लावतो, गटातून काढत नाही. पुढच्या बैठकीला ती येतेच.

अडचणी आहेत. रविवारी मैदान मुलांचं असतं. मुलींना अंधाराच्या आत घरी पोचवायचं. सोबत दोन बाया हव्यात, आणि कटाईच्या दिवसांत बाया मिळत नाहीत. चेंडूचे पैसे निघतील, ते कठीण नाही. शौचालयाची सोय शाळेत आहे, चावी कुणाकडे ते विचारायचं आहे.

शनिवारी दुपारी तीनला आमच्या ग्रामसंघाची बैठक आहे. विषय क्रमांक चारवर ही साखळी लिहिली आहे. त्या मुलीच्या आईला मी सांगून ठेवलं आहे, की येताना नवऱ्यालाही घेऊन ये. तो येतो म्हणाला आहे. बूट अजून माळ्यावरच आहेत.