ब्रशला रक्त लागलं तर

मागच्या शुक्रवारी आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि सहा महिन्यांची गरोदर असलेली एक सून हळूच म्हणाली, "ताई, दात घासले की रक्त येतंय. आठ दिवस झाले, ब्रशच धरला नाही."

मीही हेच केलं होतं. धाकट्याच्या वेळी पाचवा लागला आणि थुंकीत लाल दिसायला लागलं. मी घाबरून ब्रश ठेवून दिला, नुसत्या चुळा भरायचे. सातव्यापर्यंत हिरड्या अशा सुजल्या की भाकरी चावेना. दुधात कुस्करून दोन घास गिळायचे. ज्या दिवसांत पोटभर खायचं, त्याच दिवसांत माझं जेवण निम्म्यावर आलं.

तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते आज सांगते. गरोदरपणात अंगातले हार्मोन वाढतात, त्याने हिरड्या हळव्या होतात. दातांच्या कडेला साचलेला चिकट थर एरवी फारसा जाणवत नाही, पण आता त्यानेच सूज येते आणि रक्त येतं. ब्रश थांबवला की थर वाढतो, मग रक्तही वाढतं. म्हणून मऊ ब्रश घ्या आणि सकाळी, रात्री झोपताना हलक्या हाताने घासा. उलटी झाली तर मात्र लगेच घासू नका. आधी खळखळून चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा, कारण पोटातल्या आंबट पाण्याने दातांचा वरचा थर मऊ पडलेला असतो.

आता मिसरी. बैठकीत विचारलं तर एक हात वर होत नाही, आणि घरी गेलं की कोनाड्यात डबी दिसतेच! मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. लावली की ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण हिरडी खराब होत राहते. तंबाखूचं विष रक्तातून बाळापर्यंत जातं, बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. सासूबाईंनी जन्मभर लावली असेल, त्यांच्याशी भांडू नका, पण आपलं बोट डबीत घालू नका. सवय सुटत नसेल तर आशाताईंना सांगा. त्यात लाजायचं काय?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. वजन, रक्तदाब, पोट सगळं बघतात. हिरड्यांचं मात्र आपणच काढावं लागतं. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर जा, आणि गरोदर आहे हे आधी सांगा. चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण दुखत असेल तर कुठल्याही महिन्यात जा. पोटुशीने दाताला हात लावू देऊ नये, हे खरं नाही. गाल सुजला, पू आला, ताप आला तर ९ तारखेची वाट बघू नका. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याची गोळी आणू नका.

त्या सुनेला घेऊन मी या ९ तारखेला जाणार आहे. जीपमध्ये अजून दोघींची जागा आहे. यायचं असेल तर सकाळी नऊला एसटी थांब्यावर या, कार्ड बरोबर आणा.