उपवासाचे चाळीस दिवस

चैत्र उजाडला कीं आपल्याकडे घरांत नवें पंचांग येतें आणि एकादश्या, संकष्ट्या, चातुर्मास यांचा हिशेब गृहिणीच्या मनांत आपोआप सुरू होतो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या ख्रिस्ती पंथाचाही असाच एक वर्षक्रम आहे. त्या पंथाच्या सामान्य प्रार्थनाग्रंथाच्या आरंभींच सणांचीं व उपवासांचीं कोष्टकें छापलेलीं असतात. नाताळापूर्वींच्या चार रविवारांच्या आगमनकाळानें हें वर्ष सुरू होतें. पुढें नाताळ, ६ जानेवारीचें प्रगटीकरण, उपवासकाळ, ईस्टर, पन्नासाव्या दिवसाचा सण असे टप्पे घेत तें त्रैक्याच्या रविवारानंतरच्या लांब, शांत काळांत विसावतें.

नाताळची तारीख ठरलेली. ईस्टर मात्र चंद्राच्या स्वाधीन. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर. ही पौर्णिमा आकाशांतली नव्हे, कोष्टकांतली. त्यामुळें हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो. १८१८ सालीं तो २२ मार्चला आला होता, तर १९४३ सालीं २५ एप्रिलला. ईस्टरपासून ४६ दिवस मागें गेलें कीं राखेचा बुधवार येतो. मधले ६ रविवार पुनरुत्थानाचे, म्हणून आनंदाचे. ते वगळले कीं उरतात ४०. ख्रिस्तानें अरण्यांत केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचें हें स्मरण होय.

आतां प्रश्न असा, कीं हा उपवास पोटाचा कीं अंतःकरणाचा? या एका प्रश्नानें इंग्लंडांत मोठी उलथापालथ केली. बुधवारीं कपाळीं राख लावण्याची जुनी चाल १५४८ सालीं बंद करण्यांत आली. दुसऱ्याच वर्षीं आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या प्रार्थनाग्रंथांत, परमेश्वरानें पश्चात्तप्त मनुष्याला नवें अंतःकरण द्यावें, अशी त्या दिवसाची प्रार्थना आली. १६६२ च्या ग्रंथानें ती संपूर्ण उपवासकाळांत रोज म्हणण्याचा नियम घातला. राख गेली, पण अनुताप राहिला.

पण व्रत कायद्याच्या हातीं गेलें कीं त्याचें काय होतें, हेंही याच इतिहासांत दिसतें. १५६३ सालीं एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटनें बुधवारींही मांस वर्ज्य करून मासे खावेत, असा कायदा केला. हेतु धार्मिक नव्हता. कोळ्यांचा धंदा चालावा आणि आरमाराला खलाशी मिळावेत, एवढाच होता. या मत्स्याहारानें आत्म्याचा उद्धार होतो असें सांगणारास शिक्षाही त्याच कायद्यांत होती! पुढें प्यूरिटन पंथाच्या अमदानींत १६४५ सालीं प्रार्थनाग्रंथावर आणि १६४७ सालीं नाताळ व ईस्टर यांवरही बंदी आली. १६६० सालीं राजसत्ता परतली, तेव्हां हे सण पुन्हां राजरोस साजरे होऊं लागले. सक्तीनें व्रत रुजलें नाहीं, तसेंच बंदीनें तें मेलेंही नाहीं.

आज पुष्कळ देवळांत या दिवसांत जांभळीं वस्त्रें चढतात, वेदीवरचीं फुलें दूर होतात, स्तुतिगीतें थांबतात. चौथा रविवार मात्र सवलतीचा. त्या दिवशीं परघरीं चाकरीस असलेल्या मुली आईच्या भेटीस जात, अशी इंग्लंडांतली परंपरा. आजही त्या दिवशीं आईला फुलें देतात. कोणी चाळीस दिवस गोड सोडतात, कोणी मद्य. वांचलेले पैसे गरिबांना देतात. मुंबईच्या कोटांतील संत थॉमस कॅथीड्रल हें १७१८ सालचें देऊळ याच परंपरेंत वाढलें; १९७० पासून तें उत्तर भारताच्या संयुक्त ख्रिस्ती मंडळींत आहे.

विसाव्या शतकांत राखही अनेक अँग्लिकन देवळांत परत आली. आणि गंमत अशी, कीं त्याच बुधवारीं वाचावयाच्या शुभवर्तमानांत, उपवास तोंडावर दिसूं देऊं नका, असा ख्रिस्ताचा उपदेश आहे. म्हणून कित्येक जण राख लावून घेतात आणि देवळाबाहेर पडण्यापूर्वीं पुसून टाकतात; कित्येक ती दिवसभर राहूं देतात. पहिल्याला दंभाची भीति वाटते, दुसऱ्याला विस्मरणाची. व्रत करणाऱ्या कोणत्याही धर्माच्या मनुष्याला या दोन्ही भीति ओळखीच्या आहेत. राख पुसावी कीं ठेवावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ईस्टरच्या पहाटे त्याचें अंतःकरण थोडें मऊ झालेलें असलें, म्हणजे चाळीस दिवस कारणीं लागले.